तळाशी आज काय आहे

आमचे व्याही दारात आलेल्या माणसाला पाणी विचारत नसत, पाण्याबद्दल विचारत. कोळवणच्या त्यांच्या बंगल्याचं फाटक ढकलून आत गेलं, की पायातल्या चपला सुटायच्या आत ते पुढ्यात उभे. हातात दोन खणांची बोटाएवढी पारदर्शक नळी. दोन्ही खणांत पोहण्याच्या तलावातलं पाणी आणि त्यात टाकलेले औषधाचे थेंब. नळी उन्हात धरायची आणि म्हणायचं, "विहीणबाई, रंग?"

नमस्कार नाही, पौड रस्त्यावर गर्दी लागली का हेही नाही. रंग.

मलाच नव्हे, सगळ्यांनाच विचारत. दूधवाल्याला, विजेचं मीटर बघायला आलेल्याला. एकदा लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या जोडप्याला त्यांनी फाटकातच धरलं. नवरदेवाचा बाप पिवळा म्हणाला, आई केशरी म्हणाली, आणि त्या दोघांचं तिथेच असं जुंपलं की पत्रिका द्यायची राहून गेली.

उभी हयात त्यांनी रंगाच्या कारखान्यात काढली होती. तिथे शेड जुळवायचं काम. ग्राहकाने आणलेला कपचा डोळ्यासमोर धरून तंतोतंत तसाच रंग उतरवायचा. हजार माणसांना जे दोन रंग सारखे वाटतील त्यात त्यांना फरक दिसे, अशी त्यांची ख्याती होती. तेव्हा असा माणूस तुम्हाला रंग विचारतो म्हणजे परीक्षाच घेतो, असं मी धरून चालले.

आणि मी काय परीक्षेला भिणारी? तेव्हा मी बासष्ट वर्षांची तरुण बाई होते. केसांना कलप लावणं नुकतंच सोडलं होतं आणि जगाने त्याची दखल घ्यावी अशी माझी अपेक्षा होती. शिवाय मी मुलीची आई. व्याह्यांपुढे मान खाली घालायचे दिवस गेले, हे त्यांना कळावं म्हणून मी मान जरा जास्तच वर धरून चालत असे. त्यापायी एकदा त्यांच्या उंबऱ्याला ठेचकाळलेही. तर मी छातीठोकपणे साड्यांचे रंग सांगायला लागले. "हा डाळिंबी." "आज राणी कलर आलाय." "हा दुसरा लिंबू. नाही, थांबा, हळदीकडे झुकतोय."

मला वाटलं, चिडतील. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. डाळिंबी म्हणजे पाणी ठीक. राणी म्हणजे क्षाराकडे झुकलं, थोडं ॲसिड हवं. केशरी म्हणजे आंबटपणाकडे गेलं, सोडा हवा. आणि तो सोडा ते सरळ स्वयंपाकघरातून उचलत, त्यामुळे त्या घरात ढोकळा कधी फुगला नाही. लिंबू म्हणजे क्लोरीन बेताचं, हळदी म्हणजे जास्त. "तुमचा डोळा साड्यांवर तयार झालाय, विहीणबाई," ते म्हणाले, "त्याला तोड नाही." पुढे कितीतरी दिवस मी या वाक्यावर फुशारत होते.

खरी गोष्ट अशी, की त्या तलावाची मला विलक्षण भीती वाटे. मी दुष्काळी मुलखातली. आमच्याकडे पाणी कळशीत मावेल एवढंच असायचं. न मावणारं पाणी एका जागी साठलेलं दिसलं की पाय आपोआप मागे सरतात, ते आजतागायत. तलाव जावयाने हौसेने बांधून घेतलेला. आठवडाभर हिंजवडीत संगणकापुढे बसायचं आणि शनिवारी घोटावड्याच्या रस्त्याने इकडे येऊन पाण्यात पडायचं. माझी लेकही पडायची. आणि माझी नात सई, तेव्हा दुसरीत होती, ती तर पाण्यातून बाहेर यायचं नाव घेत नसे. सगळे हसत, ओरडत. मी काठापासून चार हात लांब खुर्ची टाकून बसे, कपडे वाळत घालायची काठी मांडीवर घेऊन. वेळ आली तर पोरीला काठीने ओढून काढीन, असा माझा बेत. कुणी विचारलं तर मी सांगे, मला क्लोरीनची ॲलर्जी आहे. त्या चार तासांत मी किती वेळा श्वास रोखला, हे माझं मला ठाऊक.

म्हणून व्याही मला विक्षिप्त वाटत असले तरी एका बाबतीत बरे वाटत. त्या घरात पाण्याला भिणारा आणखी एकच माणूस होता, तो म्हणजे ते. कधी पोहले नाहीत. पाय बुडवून बसले नाहीत. पाण्याविषयी बोलत ते घरातल्या तापट माणसाविषयी बोलावं तसे. "आज घुश्शात आहे." "रात्री पाऊस पडला, नाराज झालंय." "चौघं पोहून गेली, दमलंय ते, आता दुपारभर कुणी शिवू नका."

ॲसिडचा कॅन पंपाच्या खोलीत आणि क्लोरीनची पावडर पार दुसऱ्या टोकाला, जुन्या गोठ्यात. हे दोघं एका छपराखाली झोपता कामा नयेत, असा दंडक. एकत्र आले तर जो वायू निघतो त्याने माणूस जागीच गुदमरतो, हे ते इतक्या हळू आवाजात सांगत की ऐकणाराच गुदमरे. "नातं आहे, पण मुक्काम वेगळा हवा," ते म्हणत. "तुमच्या-आमच्यासारखं." दोन्हीकडचे मगही निराळे, आणि मगांच्या कानांना सुतळी बांधलेली. ॲसिडच्या मगाला एक गाठ, क्लोरीनच्या मगाला दोन. एक मग लाल होता, एक निळा. चांगला ढळढळीत फरक. मग गाठी कशाला? मी आपली म्हणाले, "काय हो भाऊसाहेब, मगांना मंगळसूत्रं घातलीत?" ते हसले नाहीत. अंगठ्याने गाठ चाचपून पाहिली आणि मग खाली ठेवला. मी मात्र माझ्या विनोदावर एकटीच हसत राहिले. समोर दिसत होतं ते मला दिसलं नाही, एवढा माझा तो साड्यांवर तयार झालेला डोळा.

सगळ्यात मोठा नियम तळाचा. रोज सकाळी, कुणी उठायच्या आत, ते तलावाच्या खोल टोकाला एक वस्तू सोडत. कधी पळी, कधी सांडशी, कधी पुरणयंत्राची जाळी. सई कपडे बदलून आली की तिला काठावर उभी करत. "तळाशी आज काय आहे?" तिने बरोबर सांगितलं तरच पाण्यात उतरायचं. "सांडशी!" "जा." ओळखता आलं नाही तर त्या दिवशी पोहणं बंद, मग ती रडो, पाय आपटो. तळ न दिसणाऱ्या पाण्यात माणूस बुडाला तर वरच्याला पत्ता लागत नाही, सगळे काठावर हसत-खेळत असतात आणि तो तिथेच खाली असतो, हे त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं. तो चहा मला गेला नाही.

ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, वैतागत. स्वयंपाकघरातली हवी ती वस्तू ऐन वेळी तलावाच्या बुडाशी. त्या वर्षी गणपतीत तर कहर झाला. गौरी जेवायच्या दिवशी उकड तयार, सारण तयार, आणि मोदकांचा साचा गायब. ताई म्हणाल्या, तुम्ही कुठे ठेवलात. मी म्हणाले, मी हात लावला नाही. विहिणी-विहिणींच्या आवाजात जेवढी साखर असावी त्याहून जास्तच घालून आम्ही एकमेकींवर संशय घेतला. शेवटी मी बाह्या सरसावल्या आणि हाताने मोदक वळायला बसले. लसणाचे गड्डे झाले. जावई म्हणाला, "आई, चवीला छान आहेत." म्हणजे काय ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी गौरी-गणपतीचं विसर्जन. पाऊस लागून राहिलेला, नदीकडे चिखल. जावयाने टूम काढली, मूर्ती घरच्या तलावातच विसर्जन करू. व्याही म्हणाले, नको. जावई म्हणाला, "बाबा, देवालाच नाही म्हणता?" ताई म्हणाल्या, घरचं पाणी, कुणा परक्याचे पाय लागलेले नाहीत. आणि मी? मी पर्यावरणावर भाषण दिलं. वर्तमानपत्रात आदल्याच आठवड्यात वाचलेलं सगळं. घरच्या घरी विसर्जन, नदी वाचवा, वगैरे. उभी राहून दिलं. व्याह्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. घरच्या देवाच्या कामात मोडता घालायचा नाही, हे त्यांनाही शिकवलेलं होतंच. म्हणाले, "करा. पण तळ दिसेपर्यंत कुणी पाण्यात उतरायचं नाही."

मूर्ती शाडूची. जावयाने तरी शहरातून विसर्जनाची पावडर आणली होती, प्लॅस्टरच्या मूर्ती बादलीत विरघळवायला मिळते ती. लवकर विरघळेल म्हणून त्याने उथळ बाजूला मूर्ती सोडली आणि वरून पावडरीची पिशवी अख्खी उलटी केली. गुलाल पडला, फुलं पडली. काठीने ढवळलंही, माझ्याच काठीने. बघता बघता पाणी मातकट-गुलाबी झालं, गुळवण्यासारखं. आणि मग वास सुटला. त्याच सकाळी व्याह्यांनी क्लोरीन टाकलेलं. त्याची आणि त्या पावडरीची गाठ पडली होती. डोळ्यांना धारा लागल्या, घसा खवखवायला लागला. व्याह्यांनी तेव्हा पहिल्यांदा आवाज चढवला. सगळ्यांना वाऱ्याच्या उलट बाजूला, ओसरीवर पिटाळलं.

ओसरीवर खोकत, डोळे पुसत उभे होतो. आरतीचं तबक माझ्या हातातच होतं. माझ्या लेकीने विचारलं, "सई कुठंय?"

आत नव्हती. मागे नव्हती. गाडीत नव्हती. बंगल्याची राखण करणारी हिराबाई भिजत भाताच्या खाचरापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, "न्हाई हो तितं. मघाशी हौदाकडं जाताना दिसली व्हती मला." मग लेकीचं लक्ष खुंटीकडे गेलं. सईचा पोहायचा गॉगल खुंटीवर नव्हता.

सगळे त्या पाण्याकडे बघत राहिलो. ते शांत होतं. वर झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या.

जावई धावत सुटला, सूर मारणार तेवढ्यात व्याह्यांनी त्याचा दंड धरला. "उडी नको. तिच्यावरच पडशील." मग भराभरा सांगितलं. नाकातोंडाला ओलं फडकं बांधा. जावयाने खोल टोकाला काठ धरून जायचं, पाला काढायच्या जाळीच्या लांब दांड्याने तळ चाचपायचा. बाकीच्यांनी हात धरून आडवी रांग करायची आणि उथळ बाजूने, पाय न उचलता, फरशीवरून घासत पुढे सरकायचं. ताईंनी मदतीला फोन करायचा.

रांगेत हिराबाई, माझी लेक, ते आणि मी. नऊवारी नव्हे, चांगली नवी पैठणी नेसून मी पाण्यात उतरले. आयुष्यात पहिल्यांदा. गुडघे, कंबर, छाती. साडी फुगून वर आली, ती खाली दाबायलाही हात मोकळा नव्हता. एका हातात लेकीचा हात, दुसऱ्या हातात व्याह्यांचा. व्याह्यांचा हात विहीण धरत नाही हो. पंगतीत वाटीसुद्धा हातात देत नाहीत, खाली ठेवतात. मी तो असा धरला होता की त्यांच्या बोटांवर माझ्या अंगठीचा वळ नंतर दोन दिवस दिसत होता. लेक हाक मारत नव्हती, नुसती ओठ हलवत होती. आम्ही पाय घासत होतो. एक पाऊल, मग दुसरं. प्रत्येक पावलाला मला वाटे, आता लागेल. आणि वाटे, माझ्या पायाला लागू नये, दुसऱ्या कुणाच्या तरी लागू दे. आजी होते मी तिची, आणि माझ्या मनात हे आलं.

व्याही माझ्याकडे वाकले. फडक्याआडून, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "विहीणबाई, तळ दिसतोय का?"

"नाही."

"तुम्हालाही नाही?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे पाण्यावर होते, पण कशावरच नव्हते.

"मला बरेच दिवस दिसत नाही," ते म्हणाले. "रंगही दिसत नाहीत. सई सांगते, त्यावर मी तिला पाण्यात सोडतो."

आणि त्याच क्षणी माझ्या पायाला काहीतरी लागलं. मऊ. गोल. खांद्याएवढं. लहान मुलाच्या खांद्याएवढं.

मला ओरडता आलं नाही. पाय तिथून काढता आला नाही. मी त्या गोल वस्तूवर तळवा टेकवून उभी राहिले आणि ती माझ्या पायाखाली हळूहळू ढासळायला लागली, चिखल होऊन बोटांमधून वर यायला लागली, तेव्हा कळलं, मूर्ती आहे. गणपतीचा खांदा.

तेवढ्यात वरून, अगदी आभाळातून यावा तसा, आवाज आला.

"आजोबा, इथूनपण दिसत नाहीये!"

गच्चीच्या कठड्यावरून सई डोकावत होती. डोळ्यांवर गॉगल. काठावरून तळाची वस्तू दिसेना म्हणून तिने गॉगल लावून पाहिलं, तरी दिसेना, म्हणून उंचावरून बघायला गच्चीवर चढली होती. पावसाच्या आवाजात खालच्या हाका तिला ऐकू आल्या नव्हत्या. आम्ही सगळे पाण्यात उतरलेलो बघून तिला वाटलं, आज आजोबांनी मोठ्यांनाही शोधायला लावलं. तिची तक्रार एवढीच होती, की तळ दिसल्याशिवाय उतरायचं नाही हा नियम तिला एकटीला का.

लेक पाण्यातच मटकन बसायला गेली, हिराबाईने तिला सावरलं. जावई काठाला कपाळ टेकून रडला. व्याह्यांनी माझा हात सोडला नाही, किंवा मी त्यांचा सोडला नसेन. आम्ही दोघं त्या गुळवण्यात कितीतरी वेळ तसेच उभे.

मी त्यांना संध्याकाळी गाठलं. म्हटलं, तुम्ही सांगताय की मी सांगू? त्यांना कशाची भीती होती ते मला कळत होतं. ज्याला जन्मभर रंगाचा डोळा म्हणून ओळखलं, त्याच्या हातून नळी काढून घेतील, नंतर ते मगही काढून घेतील, मग त्याला खुर्चीत बसवून त्याच्याशी मोठ्याने बोलायला लागतील. पण त्या पाण्यात पोर माझी जात होती. ते म्हणाले, "पाणी निवळू द्या. मी सांगतो."

तुरटी टाकून, गाळ उपसून पाणी निवळलं. पुढच्या रविवारी सगळे काठावर असताना त्यांनी ती नळी माझ्या लेकीच्या हातात दिली. म्हणाले, "सूनबाई, आजपासून रंग तुम्ही बघायचे. मला आता सगळे एकच दिसतात." एवढंच. जावयाने डॉक्टरांकडे नेलं, काचबिंदू निघाला. जे गेलं होतं ते परत यायचं नव्हतं. त्यांच्याकडून मग काढून घेतले नाहीत, ते मी होऊ दिलं नाही. लेक रंग सांगे आणि ते गाठ चाचपून औषध मोजत. माझी खुर्ची काठाजवळ सरकली, काठीसकट.

तळाशी त्या दिवशी काय होतं ते निवळल्यावर दिसलं. मोदकांचा साचा. गौरी जेवल्या त्या सकाळपासून तिथेच होता. ताईंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलंच नाही.

ते जाऊनही आता काही वर्षं झाली. सई कॉलेजात गेली. बंगला आहे, पाणी आहे, मगांच्या गाठी तशाच आहेत; सुतळी सई बदलते. शनिवारी ती आली की आधी तळाशी काहीतरी सोडते आणि मला काठावर बोलावते. हा आमच्या दोघींचा खेळ. मीही ऐटीत ओळखते. म्हणजे, ओळखत होते. हल्ली स्वयंपाकघरात आधी बघून ठेवते काय जागेवर नाही, आणि तेच सांगते.

गेल्या शनिवारी मला स्वयंपाकघरात डोकवायला वेळ मिळाला नाही. ती पोहायच्या कपड्यांत काठावर उभी. "आजी, तळाशी आज काय आहे?"

मी वाकले. पांढरं, धुरकट. पाणी होतं की मी, कळेना. अंदाजाने पळी म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात पायाच्या तळव्याला ते जाणवलं, मऊ, गोल, ढासळणारं.

"दिसत नाही," मी म्हटलं.

ती हसली नाही. काठावरून एक पाऊल मागे आली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि जिना चढून गच्चीवर गेली. मी खाली काठी धरून उभी. पाणी खराब असू दे, असं मी त्या देवाला विनवत होते, ज्याचा खांदा मी तुडवला होता.

"आजी," वरून आवाज आला, "इथून तर अगदी स्वच्छ दिसतंय. झारा आहे."

"बरं," मी म्हटलं.

त्यानंतर बराच वेळ ती खाली आली नाही. झारा तर दिसला होता. आता ती तिथून माझ्याकडे बघत असणार, हे मला न दिसताही कळत होतं.